पापुद्रा

बत्तीस बाय बत्तीस. एवढ्याच जागेत
म्हातारी मावायला हवी, काठीसकट.
नाकाला एक ठिपका. डोळ्यांना दिला तर
चेहरा दचकल्यासारखा दिसतो, म्हणून डोळे नाहीतच,
चष्म्याची नुसती रेघ.

रांगोळीच की ही, फोनवर ताई म्हणाली.
ताई, रांगोळी मला कधी जमली नाही
आणि रांगोळीला अनडू नसतं.

ग्रिम्सबी. डिसेंबरातला शनिवार.
पावणेचारलाच दिवस गुंडाळून ठेवलाय.
आठवडाभर मी शीतगृहात हॅडॉकच्या पेट्या मोजतो,
उणे एकवीसमध्ये, दोन हातमोजे चढवून,
आणि सुट्टीत एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये
एका बाईला चालायला शिकवतो.
आठ चौकटींची चाल. आठवी संपली की
पुन्हा पहिली. रस्ता मागे सरकतो,
ती जागच्या जागीच.

बाई म्हणजे शेजारच्या मिसेस ब्लँचर्ड.
त्यांना विचारलेलं नाही.
कचऱ्याचा डबा बाहेर काढताना खिडकीतून पाहिलं:
डावा पाय पडतो, उजवा निघतो, निघता निघता
जरा अडतो,
नसलेला उंबरठा लागावा तसा.
ते अडणं चौथ्या चौकटीत आहे.
तिथे कंबर एक ठिपका खाली घेतली
आणि ती मिसेस ब्लँचर्ड झाली.
तोवर कुणीही होती.

ह्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे.
नवी चौकट काढताना मागची खाली पुसट दिसते,
तिच्याखाली तिच्या मागची, आणखी पुसट.
इंग्रजीत ह्याला कांद्याची साल म्हणतात.
मी पापुद्रा म्हणतो.
डोळ्यांत पाणी येत नाही, एवढंच.

आवाजाची तऱ्हाच वेगळी.
बर्फातलं पाऊल हवं तर पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरून
मुठीने दाबायचं. काठीसाठी मी
फरशीवर लाटणं आपटलं. टक्.
मग खोलीची घरघर काढायची. त्यासाठी आधी
चार सेकंद नुसती शांतता ऐकवायची,
म्हणजे त्याला कळतं, काय वजा करायचं.
माझ्या शांततेत फ्रिज निघाला, बॉयलर,
छपरावर भांडणारा सीगल
आणि भिंतीपलीकडून, फार हळू,
थप्. थप्.
सगळं गेलं. रेघ सरळ झाली,
इतकी सरळ
की मी घाबरून अनडू केलं.

फेब्रुवारीत त्यांचा खुबा बदलला.
एप्रिलमध्ये माझं चुकून तिकडे गेलेलं पार्सल घेऊन
दारात उभ्या. काठीशिवाय.
चहाला आत आल्या आणि पडदा दिसला.
"ही मी." प्रश्न नव्हता तो.
मी म्हटलं, दुरुस्त करतो, फक्त चौथी चौकट,
दोन मिनिटांचं काम.

त्यांनी चष्मा लावला. बोटाने घरं मोजू लागल्या,
ह्या ओळीत किती, त्या ओळीत किती.
बावीस वर्षं गोदीवर ट्रॉलरची जाळी विणलेली बाई.
"पायाचं राहू दे," म्हणाल्या, "तो तसाच होता.
हात चुकलाय. काठी मी डाव्या हातात धरायचे.
चांगल्या पायाच्या बाजूला.
सगळे उलटीच काढतात."

त्या रात्री आठही चौकटींतली काठी
उजवीकडून डावीकडे नेली. पहाटेचे दोन वाजले.
चौथीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पायरीवर काठी ठेवलेली होती.
चिठ्ठी नाही.
खाली रबरी बूच, एका बाजूने झिजलेलं.
आपटून पाहिली. टक् नाही होत.

माइक लावला. आधी चार सेकंद शांतता घेतली:
फ्रिज आहे, बॉयलर आहे.
पलीकडून काही नाही.
त्या मागच्या अंगणात आहेत, टोमॅटोची रोपं लावतायत,
चक्क उकिडव्या बसून.